दोन वर्षांसाठी कोट कशाला?

ठाण्यात वाढलेल्या मुलीला थंडीबद्दल काही विचारू नये. आमच्याकडे पारा १८ वर आला की सोसायटीचा वॉचमन माकडटोपी चढवतो, आई ‘आज फॅन एकवर ठेव गं’ म्हणते आणि झाला आमचा हिवाळा! माझ्या कपाटात थंडीच्या नावाखाली दोनच गोष्टी होत्या. एक कॉलेज फेस्टिवलचं हुडी आणि दुसरा, दिवाळीनंतर फुटपाथवर बसणाऱ्या तिबेटी बाईकडून घासाघीस करून घेतलेला मरून स्वेटर. तो मी महाबळेश्वरला दोनदा घातला होता, तोही फोटोपुरता. कोट हा प्रकार मी पाहिला तो यश चोप्रांच्या सिनेमात. तिथेसुद्धा कोट हीरोच्या अंगावर. हिरॉइन बिचारी बर्फात शिफॉनच्या साडीत!

तर अशी मी, गेल्या ऑगस्टमध्ये दिल्लीला येऊन पडले. नवऱ्याला कंपनीने गुरुग्रामच्या ऑफिसात पाठवलं, दोन वर्षांसाठी. मी मुंबईतली नोकरी सोडली, फ्रीलान्सर झाले (म्हणजे काय, तर पायजम्यात बसून मानधनाच्या चेकची वाट बघणे) आणि आम्ही मालवीय नगरात दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्याने घेतला. ‘दोनच वर्षं’ हे वाक्य त्या दिवसांत मी इतक्या जणांना ऐकवलं की ते माझं आडनाव वाटावं. घरमालकाला, आईला, मैत्रिणींना, दुधवाल्याला. दुधवाल्याला काय घेणं होतं त्याच्याशी, देव जाणे.

आणि मग डिसेंबर आला.

दिल्लीची थंडी म्हणजे काय, हे आकड्यांत सांगून कळत नाही, तरी सांगते. १ जानेवारी २०२१ ला सफदरजंगला किमान तापमान होतं १.१ अंश. पण खरी गोम किमान तापमानात नाहीच. पहाटे तर आपण रजईत असतो. खरी गोम दिवसात आहे. धुकं उतरतं, सूर्य दिवसभर दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखा दिसतो आणि दुपारीही पारा वर चढत नाही. ३० डिसेंबर २०१९ ला इथलं कमाल तापमान ९.४ होतं. कमाल! म्हणजे भर दुपारी. त्यातून इथली घरं बांधलेली असतात उन्हाळ्यासाठी. दगडी फरशी, उंच छत, हीटिंगचा पत्ता नाही. त्यामुळे बाहेर ऊन पडलं तर घरातल्यापेक्षा गच्चीवर जास्त ऊब असते. शेजारच्या काकू मटार सोलायला गच्चीवर का जातात, ते मला २० डिसेंबरला कळलं.

माझा पहिला उपाय होता थर. बनियन, त्यावर टी-शर्ट, त्यावर मरून स्वेटर, त्यावर हुडी, त्यावर डेनिम जॅकेट, वर शाल. आरशात बघितलं तर आजीच्या घरातली घडवंची चालत निघालीय असं वाटावं. हात खाली जाईनात. रिक्षात बसले की उठवेना. नवऱ्याची गत वेगळी नव्हती. त्याने लग्नातला निळा ब्लेझर स्वेटरवर चढवला. बटणं अशी ताणलेली की समोरच्या माणसाने डोळे सांभाळावेत!

इथल्या ऑफिसात मात्र मंडळी काय टेचात येतात, विचारू नका. आपल्याकडे पावसाळ्यात सगळे सारखेच चिंब आणि सारखेच गबाळे. इथे हिवाळा हा ड्रेसिंगचा सीझन. मेट्रोच्या यलो लाइनवर सकाळी साडेआठला उभं राहा. गुडघ्यापर्यंतचे राखाडी ओव्हरकोट, कॅमल रंगाचे बेल्टवाले, नेव्ही ब्लू पीकोट, गळ्यात मफलर. आणि त्या सगळ्यांत आम्ही दोन गाठोडी. एका क्लायंटच्या ऑफिसात रिसेप्शनिस्टने मला सरळ ‘कुरिअर?’ असं विचारलं, तेव्हा ठरवलं. बस्स. कोट!

सरोजिनी नगरला गेले. ज्यांनी ते मार्केट पाहिलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी आपली फॅशन स्ट्रीट डोळ्यापुढे आणावी आणि तिला चारने गुणावं. कोटांचे ढीग. ढिगावर उभा राहून पोरगा ओरडतोय, “मॅडम, एक्सपोर्ट का माल है, बाहर पाच हजार में मिलेगा!” मी मोहरीच्या रंगाचा लांब कोट उचलला. मोठी कॉलर, कमरेला बेल्ट. त्याने पंधराशे सांगितले, मी ९०० ला आणला. ठाण्याच्या गोखले रोडवर कमावलेलं घासाघिशीचं शिक्षण वाया गेलं नाही म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली. फोटो टाकला, दोनशे लाइक्स. आईचा फोन, “अगदी परदेशात गेल्यासारखी दिसतेस.”

दिसत होते. थंडी मात्र वाजतच होती! रिक्षात बसले की वारा या बाजूने शिरून त्या बाजूने निघे. घरात येऊन काढताना चट्-चट् ठिणग्या. नवऱ्याला हात लावला की दोघांनाही शॉक (लग्नाच्या तिसऱ्या वर्षी हे म्हणजे जरा जास्तच). तिसऱ्या आठवड्यात काखेत आणि बॅगेचा पट्टा घासतो तिथे कापडाचे गोळे आले.

तोच कोट घालून आम्ही संक्रांतीला आत्याकडे गेलो.

माझी ही आत्या दिल्लीत १९८४ पासून आहे. काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. आधी रामकृष्णपुरमचं सरकारी क्वार्टर, मग रिटायर झाल्यावर मयूर विहारमध्ये सोसायटीत फ्लॅट. काका जाऊन सहा वर्षं झाली. आत्या एकटी राहते, पुण्याच्या बाकरवडीचा साठा बाळगते आणि रिक्षावाल्यांशी अजून पुणेरी हिंदीत भांडते. मी काळी साडी नेसले होते, संक्रांत ना! वर मोहरी कोट. आत्याने दारातच मला आपादमस्तक पाहिलं. तिळगूळ हातावर ठेवला. मग कोटाची कड दोन बोटांत धरून चोळली, अगदी बाजारात भाजीची जुडी बघतात तशी.

“कितीला गं?”

“नऊशे.”

“हं. काढ बरं.”

पुढे जे झालं ते मी कुठल्याही फॅशन मासिकात वाचलेलं नाही. आत्याने आतल्या शिवणीतून एक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि गॅस पेटवून त्यावर नेला. धागा जळालाच नाही, वितळला. टोकाला काळा कडक मणी झाला. “प्लास्टिक आहे हे,” ती म्हणाली. मग आतल्या खोलीत गेली आणि कपाटातून पांढऱ्या जुनेऱ्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. काकांचा ओव्हरकोट. कोळशासारखा राखाडी, जड, खांद्याला जुन्या सिनेमातल्यासारखा भरदार. त्याच्या आतल्या शिवणीतून एक धागा काढून तिने तोही विस्तवावर धरला. तो सावकाश जळाला, केस जळाल्याचा वास आला आणि बोटांत चुरडल्यावर राखेची भुकटी झाली. “ही लोकर. केसच ना शेवटी.”

मी पत्रकार आहे (अजूनही, बरं का!), म्हणून घरी आल्यावर याच्या मागे लागले. त्यातलं कामाचं तेवढं सांगते. लोकरीचा तंतू सरळ नसतो, कुरळा असतो. त्या कुरळेपणात हवा अडकते आणि ऊब त्या अडकलेल्या हवेची असते, कापडाच्या जाडीची नव्हे. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून दिल्लीच्या धुक्यात ती चालते. अॅक्रिलिक आणि पॉलिएस्टर दिसतात लोकरीसारखे, पण ओलावा फारसा शोषत नाहीत, आणि कोरड्या दिवसात त्या ठिणग्या उडतात. त्यामुळे कोट हातात आला की आधी रंग नाही, बटणं नाहीत, आतलं लेबल बघायचं. शंभर टक्के लोकर परवडली तर उत्तमच. नाही तर निदान ६०-७० टक्के लोकर आणि बाकी नायलॉन किंवा पॉलिएस्टर. थोडं नायलॉन वाईट नसतं, कापड टिकायला मदतच होते. पण लेबलवर ‘वूल टच’, ‘वूल फील’ असं काही लिहिलेलं असेल आणि टक्के लिहिलेले नसतील, तर समजून जा. लेबलच नसेल, तर कापड मुठीत घट्ट चुरगाळून सोडा. चांगली लोकर काही सेकंदांत अंग झटकून सरळ होते.

काकांच्या कोटाचं कापड धारीवालचं होतं. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात १८८० साली निघालेली ती गिरणी, आणि कानपूरची १८७६ ची लाल इमली. उत्तरेत एके काळी चांगली लोकर म्हटलं की ही दोन नावं घेतली जायची. आता त्या गिरण्यांचं उत्पादन थांबलंय. आत्या सांगत होती, काकांनी तो १९८६ मध्ये कॅनॉट प्लेसच्या एका शिंप्याकडून शिवून घेतला. ऑफिसात हाताखालचे लोकसुद्धा कोट घालून यायचे आणि हे स्वेटरमध्ये, म्हणून.

“आणि तुझा?” मी विचारलं.

“माझा कसला?”

“कोट.”

आत्या हसली. “मी कशाला घेऊ? आम्ही दर वर्षी जाणारच होतो ना. दर एप्रिलला बदलीचा अर्ज. वाटायचं, पुढची थंडी काही दिल्लीत काढायची नाही. मग दोन महिन्यांसाठी पैसे कशाला घाला? स्वेटरवर शाल घेतली की भागतं. बाजारात जाताना दोन शाली.”

मी मनात हिशोब केला. तेव्हापासून आतापर्यंत चाळीस हिवाळे होऊन गेले होते.

आत्याने कोट नवऱ्याच्या अंगावर चढवला. उंचीला बरोबर, पण खांदे दोन बोटं बाहेर. तो म्हणाला, “आत्या, मस्त आहे, मी शिंप्याला दाखवतो.” दाखवलाही. आमच्या मार्केटमधल्या म्हाताऱ्या मास्टरजींनी कोट उलटा करून अस्तर पाहिलं, कानाला हात लावला आणि म्हणाले, “बेटा, बाजू छोटी कर दूँगा, कमर अंदर ले लूँगा, कंधा मत छेड़ो. कंधा छेड़ा तो कोट गया.” काकांचा कोट परत जुनेऱ्यात गेला. पण कोटखरेदीचा सगळ्यात मोठा फंडा आम्हाला फुकटात मिळाला. खांदा बसला तर कोट बसला! खांद्याची शिवण तुमच्या खांद्याचं हाड संपतं तिथे संपायला हवी. बाकी सगळं दुरुस्त होतं. आणि हो, ट्रायल स्वेटर घालूनच घ्यायची. एअरकंडिशन्ड दुकानात शर्टावर ‘परफेक्ट फिट’ वाटलेला कोट जानेवारीत स्वेटरवर चढतच नाही.

जानेवारीच्या शेवटी सेल लागतात. आमच्याकडे ‘दिवाळीची खरेदी दिवाळीआधी’ असा नियम आहे, कोटाचा नियम उलटा. ऑक्टोबरात दुकानात येतो तोच कोट जानेवारीत तीस-चाळीस टक्के उतरतो. तर एका शनिवारी आम्ही मॉलमध्ये शिरलो आणि तीन तास बाहेर आलो नाही.

मला ट्रेंच कोट हवा होता. तो बेज रंगाचा, डबल ब्रेस्टेड, खांद्यावर पट्ट्या असलेला. अंगात घातला आणि स्वतःच्याच प्रेमात पडले. पण अंगावर ठेवून पाच मिनिटं विचार केला. हा कोट मुळात गॅबर्डिनचा, म्हणजे घट्ट विणलेल्या सुती कापडाचा. थॉमस बर्बेरीने १८७९ मध्ये ते कापड काढलं ते पाऊस-वारा अडवायला, आणि पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कोट घातले म्हणून नाव ट्रेंच. ऊब त्याच्याकडे मागायचीच नाही. दिल्लीच्या नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीच्या मध्यावर ठीक. पुण्यात राहणाऱ्यांनी खुशाल घ्यावा, तुमच्या थंडीला तो पुरतो आणि कॅम्पात मिरवायला झक्कास! मला जानेवारीचा इलाज हवा होता.

मग लांबीचा प्रश्न. कोटांचे डिझायनर बहुधा कुर्ता घालत नसावेत. मांडीच्या मध्यापर्यंतचा कोट जीन्सवर छान दिसतो, कुर्त्यावर घातला की खालून कुर्त्याची झालर लोंबते, जणू आतला कपडा घालायला विसरून वरून गेलाय. तुम्ही आठवड्यातले तीन दिवस कुर्ता घालत असाल, तर कोट कुर्त्यापेक्षा लांब हवा, गुडघ्याखाली गेला तरी चालेल. उंची पाच फूट दोन असेल (माझी आहे), तर कमरेला बेल्ट किंवा शिवणीचा आकार हवा, नाही तर आपण आत आणि कोट बाहेर अशी दोन वेगळी माणसं दिसतात. रंगाचं म्हणाल तर काळा सगळ्यांना आवडतो, पण दिल्लीची धूळ, मांजराचे केस, मफलरचे तंतू, सगळं काळ्यावर वाचता येतं. मी नेव्ही आणि कॅमल यांत अर्धा तास घालवला. कॅमल गव्हाळ रंगावर खुलतो हे खरं, पण कॉलरला मेकअप लागला की लपत नाही. नेव्ही!

पुरुषांचं त्या मानाने सोपं. पीकोट म्हणजे खलाशांचा आखूड, जाड, डबल ब्रेस्टेड कोट. जीन्सवर, वीकएंडला एक नंबर. पण आत ब्लेझर घालायचा असेल तर तो खालून डोकावतो, त्यामुळे रोज ब्लेझरमध्ये ऑफिसला जाणाऱ्यांनी सिंगल ब्रेस्टेड, गुडघ्याच्या जरा वर संपणारा ओव्हरकोट घ्यावा. पोट थोडं सुटलं असेल तर डबल ब्रेस्टेडच्या वाटेला जाऊ नये. (हे मी कुणाबद्दल लिहितेय ते त्याला कळलंय.) आणि पुरुष असो की बाई, एक ‘मेट्रो टेस्ट’ जरूर करा. कोटाची बटणं लावा आणि वरचा हँडल पकडल्यासारखा हात वर करा. सगळाच्या सगळा कोट हाताबरोबर वर निघाला, तर मुंढा खाली उतरलाय. रोज तासभर असं लटकायचंय, सोडून द्या. मग खुर्चीवर बसून बघा, मागची चीर पुरेशी आहे ना.

नवऱ्याने कोळशी रंगाचा ओव्हरकोट घातला. खांदा बसला. मुंढा बसला. ७० टक्के लोकर. एकदम वेगळाच माणूस दिसायला लागला. किंमत, सेलमध्ये, ८,२००. माझा नेव्ही ७,५००. दोन्हींची बेरीज म्हणजे माझ्या चार लेखांचं मानधन, आणि तेही वेळेवर आलं तर.

तो आरशात बघत म्हणाला, “राहू दे गं. दोन वर्षांसाठी कोट कशाला?”

मी म्हणाले, “दोन कुठे, एक हिवाळा तर संपतच आला. राहिला एक.”

तो गप्प बसला. मला वाटलं, पैशांचा विचार करतोय. मग त्याने कॉलर नीट केली आणि आरशातल्या माझ्याकडे बघत, माझ्याकडे न वळता म्हणाला, “ऑफिसात म्हणतायत, अजून तीन वर्षं थांब. टीम मोठी करतायत.”

“कधी म्हणाले?”

“संक्रांतीच्या आधी.”

बाजूला सेल्समन उभा. त्याच्या हातात माझा नेव्ही कोट. मला एकदम ओरडायचं होतं आणि मॉलमध्ये ओरडता येत नाही, हा मॉलचा मोठा दोष आहे. तीन वर्षं! म्हणजे मी मुंबईच्या संपादकांना ‘परत येतेय’ म्हणून ठेवलेला शब्द, ठाण्याच्या घरात अजून पडलेली माझी पुस्तकांची चार खोकी, मी इथे एकही कपाट विकत घेतलं नव्हतं, पडदेसुद्धा घरमालकाचेच होते. दोन आठवडे हा माणूस हे खिशात घेऊन फिरत होता. मी विचारलं, “तू काय सांगितलंस?” तो म्हणाला, “काहीच नाही अजून. तुला विचारल्याशिवाय कसं सांगू?” मी म्हटलं, “मग विचारलं का नाहीस?” तर म्हणतो, “तू दर दोन दिवसांनी दुधवाल्याला सांगतेस, दोनच वर्षं. कसं विचारणार?”

फूड कोर्टात जाऊन बसलो. छोले भटुरे मागवले, कुणी खाल्ले नाहीत. बरंच बोललो, सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मी रागावले होते आणि अर्धा राग खरा होता. उरलेला अर्धा मला मयूर विहारच्या त्या स्वयंपाकघराचा आला होता, त्या दोन शालींचा. त्याने सोमवारी ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, ते त्या दिवशी ठरलं नाही. ठरायला पुढे महिना लागला आणि माझ्या काही अटी होत्या, त्यातली पहिली ठाण्याची खोकी. पण ते काहीही ठरो, रविवारी सकाळी पाच अंश असणार होतं आणि मला थंडी वाजत होती. दुकानात परत गेलो. दोन्ही कोट घेतले.

आता एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही आणि जिच्यापायी आमची पुरती शोभा झाली. नवरा अकरा दिवस तो कोट घालून ऑफिसला गेला. अकराव्या दिवशी लुधियानाच्या एका सहकाऱ्याने त्याला पॅन्ट्रीत बाजूला घेतलं, टेबलावरची कात्री आणली आणि म्हणाला, “सर, बुरा मत मानना.” डाव्या बाहीवर मनगटाजवळ कंपनीचं मोठं लेबल होतं, ते उसवलं. मागच्या चिरेवर दोऱ्याची फुली होती, ती कापली. हे सगळे कच्चे टाके. कोट दुकानात येईपर्यंत घडी मोडू नये म्हणून घालतात, घरी आल्यावर कापून टाकायचे असतात. आमच्या साहेबांना वाटलं, फुली म्हणजे डिझाइन आणि लेबल म्हणजे स्टाइल स्टेटमेंट! कहर म्हणजे खिसे. तेही कच्च्या टाक्यांनी बंद होते. हा अकरा दिवस ‘खोटे खिसे आहेत, कंपनीने फसवलं’ असं म्हणत गारठलेले हात काखेत घालून फिरत होता. मला हसू आवरेना. मग माझ्या कोटाची मागची बाजू बघायला गेले आणि हसू आवरलं.

फेब्रुवारी संपत आला तसं ऊन तापायला लागलं. कोट ठेवायचे दिवस. ठेवण्याआधी एकदा ड्रायक्लीन करायचाच, कारण लोकरीला कसर लागते ती घामाच्या, सांडलेल्या चहाच्या डागांवर आधी. एरवी सीझनभर धुवायची गरज नसते, घरी आल्यावर ब्रश मारून अर्धा तास मोकळ्यावर टांगला की पुरे. तारेच्या हँगरवर नको, खांदे पडतात, रुंद लाकडी घ्या. ड्रायक्लीनवाल्याची प्लास्टिक पिशवी फेकून द्या, सुती पिशवीत नाहीतर जुन्या चादरीत गुंडाळा. आत डांबरगोळ्या. हे शेवटचं ज्ञान अर्थात आत्याचं, आणि ते देण्यासाठी ती स्वतः मेट्रो बदलत बदलत आमच्याकडे आली.

माझा कोट पलंगावर पसरलेला होता. तिने कड दोन बोटांत धरून चोळली. मान हलवली. मुठीत चुरगाळला, सोडला, तो सरळ झाला. मग माझी परवानगी वगैरे न विचारता साडीवर चढवला आणि कपाटाच्या आरशापुढे उभी राहिली. आमची उंची सारखीच आहे, खांदेही. पदर आत नीट कसा घ्यायचा यात दोन मिनिटं गेली.

“बाई गं, हलका आहे की! मला वाटायचं, वजनाने वाकायला होत असेल.” तिने खिशात हात घातले, बाहेर काढले, परत घातले. “किती वर्षं टिकेल?”

“नीट ठेवला तर दहा-बारा.”

ती आरशात कुशीवर वळून मागची बाजू बघत होती. “साडीवर जरा लांब हवा. निऱ्या खाली फार दिसतात.”

“लांब मिळतो, आत्या. अगदी घोट्यापर्यंतचा. पुढच्या वर्षी सेल लागला की आपण जाऊन तुला—”

“पुढच्या वर्षी कशाला?” ती बटणं काढता काढता म्हणाली. “आत्ता संपला का सेल?”

संपला नव्हता. शेवटचे चार दिवस होते. लांब कोट दोनच उरले होते, एक काळा आणि एक बाटलीसारखा हिरवा. काळा तिने हातातसुद्धा धरला नाही. ट्रायल रूममधून बाहेर आली ती हिरव्यात, आणि सेल्समनला म्हणाली, “भैया, कैंची है क्या? ये पीछे का फुली यहीं काट के दो.”